पदर चाकात गेला होता का

ज्यांच्या घरात आत्ता कुणी पाय बांधून पडलेलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. हाडं कशी जुळतात ते डॉक्टर सांगतील. मला सांगायचं आहे ते बाकीच्याबद्दल, म्हणजे आढ्याकडे बघत पडलेल्या माणसाच्या मनात काय चालतं आणि घरातल्या माणसांच्या मनात काय चालतं त्याबद्दल. मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे समजावून सांगायची खोड आहे. जास्त झालं तर सोडून द्या.

सायकल

आम्ही चोपड्याला राहत होतो. माझी शाळा तिथून पुढे, केळीच्या मळ्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहान गावात होती. एसटी यायची तेव्हा शाळा अर्धी झालेली असायची. म्हणून यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला सायकल शिकवली. हे कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. रविवारी सकाळी सगळी गल्ली ज्याच्याकडे टीव्ही असेल त्याच्या घरात कोंबलेली असायची, तेव्हा मैदान रिकामं मिळायचं. मी पडले, उठले, पुन्हा पडले आणि शिकले. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे सायकलवर बाई दिसली की चहाच्या टपरीवरची माणसं बशी तोंडाशी तशीच धरून बघत राहायची. मला त्याची मजा वाटायची, खोटं कशाला बोलू?

सासूबाईंना मात्र ते पटलेलं नव्हतं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. "बाईमानूस सायकलवर? लोकं काय म्हनतीन?" असं त्या महिनाभर म्हणाल्या. मग पहिला पगार घरात आला आणि त्यांचं म्हणणं एका वाक्यावर आलं. रोज सकाळी मी सायकल बाहेर काढली की दारातून आवाज यायचा, "पदर खोस वं मंगल. नीट खोस." मी खोसायची आणि निघायची.

डोळे उघडले तेव्हा

त्या दिवसाचं मला आठवतं ते असं. पाटाच्या चारीचं वळण, ओल्या केळीच्या पानांचा वास, पुढे कडब्याने भरलेली एक बैलगाडी. त्यानंतर एकदम पांढरं छत आणि फिरणारा पंखा. मधलं काहीही नाही. फळ्यावरून डस्टर फिरवावं तसं पुसलं गेलं आहे, आणि आजही ते परत आलेलं नाही.

जळगावच्या मोठ्या दवाखान्यात होते मी. डोक्याला मार होता आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "हाड जुळेल. पाय थोडा आखूड राहू शकतो. चालता येईल."

मी विचारलं, "आणि सायकल?"

ते पुढच्या खाटेकडे निघाले होते. वळून म्हणाले, "बाई, आधी बसायचं बघू."

त्या दिवशी मी खूप रडले. पायासाठी कमी आणि न आठवणाऱ्या त्या क्षणासाठी जास्त. कारण वॉर्डात येणारा प्रत्येक जण मला तोच प्रश्न विचारत होता आणि उत्तरही स्वतःच देत होता. "काय झालं? पदर गेला असेल चाकात." पोलिसांनी साडी फाटलेली होती असं लिहून घेतलं होतं, तेवढं सगळ्यांना पुरलं. मोटारीने उडवलं हे खरं, पण बाई आधीच पदर अडकून रस्त्यात आडवी झाली, मोटार तरी काय करणार? ही गोष्ट मी शुद्धीवर येण्याआधीच जळगावपासून चोपड्यापर्यंत पक्की झाली होती. माझ्याजवळ तिला खोटं म्हणायला काही नव्हतं.

वॉर्ड

पायाला दोरी, दोरीला वजन, आणि ते वजन खाटेच्या टोकाशी लोंबकळणारं. कूस बदलायची नाही. सकाळी झाडूचा आवाज, मग पेल्यातला चहा, मग डॉक्टरांचा राउंड, मग दिवसभर काहीच नाही. मुलांना गप्प बसवणाऱ्या मास्तरणीला गप्प पडून राहायची शिक्षा झाली होती.

शेजारच्या खाटेवर चाळीसगावच्या हमीदाबी होत्या. त्यांच्या नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान होतं आणि त्या स्वतः जिन्यावरून पडून खुबा मोडून आल्या होत्या. टाके घालण्यासाठी माझं अर्धं डोकं भादरलेलं होतं. उरलेल्या अर्ध्या केसांचा गुंता झाला होता आणि मला आरशाची भीती वाटत होती. हमीदाबींना उठता येत नव्हतं, म्हणून त्यांनी आयाला दम देऊन आमच्या खाटा जवळ सरकवून घेतल्या आणि पडल्या पडल्या माझी अर्ध्या डोक्याची वेणी घातली. "रो मत टीचर," त्या म्हणाल्या, "आधे सिर की चोटी है, आधे पैसे लूँगी." मी हसले. दवाखान्यातलं ते माझं पहिलं हसणं. तुमच्या माणसाला बघायला जाल तेव्हा फळं न्या, पण कंगवाही न्या.

एक दिवस एक मनुष्य माझ्या पायथ्याशी येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, खाकी सदरा, हातात केळ्यांची फणी. त्याने केळी ठेवली, दोरीला बांधलेल्या पायाकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, पाय राहिला ना?"

"राहिला," मी म्हटलं.

"बरं झालं," एवढं बोलून तो गेला. मला वाटलं कुणाचा तरी नातेवाईक असेल, चुकून माझ्या खाटेशी आला असेल. केळी आम्ही वाटून खाल्ली.

घरी

महिन्याहून अधिक काळ तिथे काढल्यावर मला घरी आणलं. ओसरीत खाट टाकली होती आणि खाटेवर नवी कोरी गोधडी होती. आत्याबाईंच्या हातची. वरून लाल छापील कापड, खालून आबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, जुनं धोतर. टाके बारीक आणि सरळ. आमच्याकडे घरातली जुनी लुगडी-धोतरं अशीच गोधडीच्या पोटात जातात. मी दवाखान्यात असताना त्यांनी ती शिवली होती. पुढचे कित्येक महिने मी त्या गोधडीखाली काढले. तिला एक ऊब होती, ती मला अजून आठवते.

पण घर मात्र गार पडलं होतं. हे माझ्याशी बोलेनासे झाले. चहा देत, मला आधार देऊन बसवत, आणि बाहेर जाऊन उभे राहत. माझा भाऊ धुळ्याहून आला आणि यांना टाकून बोलला, "तुम्हीच चढवलं हिला सायकलवर." भाऊ गेल्यावर मी चिडले. म्हटलं, "अहो, उत्तर तरी द्यायचं!"

तेव्हा ते म्हणाले, "मंगल, मागच्या चाकाची जाळी मीच काढून ठेवली होती. खडखडत होती म्हणून. जाळी असती तर पदर गेला नसता."

तेव्हा मला कळलं की या घरात आम्ही दोघंही त्याच एका चाकाखाली सापडलो होतो. मी त्यांना म्हणू शकत नव्हते की पदर गेलाच नव्हता. मला कुठे ठाऊक होतं? मी फक्त त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, इतकंच.

दावा

नुकसानभरपाईचा दावा करायचा हे माझ्या शाळेच्या हेडमास्तरांनी डोक्यात घातलं. मला आधी लाज वाटली. आपल्या मोडलेल्या पायाचा बाजार मांडायचा? चौधरी वकिलांनी ती लाज एका वाक्यात काढली. ते म्हणाले, "बाई, तुम्ही भीक मागत नाही. चूक कोणाची होती, एवढं विचारताय."

आणि मला तेच तर विचारायचं होतं.

समोरच्या बाजूला मोटारीचे मालक, म्हणजे कापसाचे एक व्यापारी, आणि त्यांची विमा कंपनी. त्यांचं म्हणणं सरळ होतं. बाईचा पदर मागच्या चाकात गेला, साडी फाटली, बाई मोटारीसमोर पडली, ड्रायव्हरचा दोष नाही. खाली ड्रायव्हरची सही होती.

चौधरी वकिलांनी विचारलं, "त्या दिवशीची साडी कुठे आहे?"

ती साडी भावाने धुळ्याहून घेतली होती, मला नोकरी लागली तेव्हा. सुती, मोरपंखी, पिवळ्या काठाची. यांनी सांगितलं की दवाखान्यातून कपड्यांचं गाठोडं मिळालं होतं, ते आईकडे दिलं. आत्याबाईंना विचारलं. त्या चुलीपुढून उठल्याही नाहीत. "नही शे," म्हणाल्या. अपघाताचे कपडे कुणी घरात ठेवत नाही, नदीत सोडतात नाहीतर जाळतात, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून कुणी पुन्हा विचारलं नाही.

उलटतपासणी

माझी साक्ष झाली तेव्हा मी काठी घेऊन चालत होते. विमा कंपनीचे वकील सभ्य होते. सभ्यपणेच त्यांनी माझी साल काढली.

"बाई, मागच्या चाकाला जाळी होती?"

"नव्हती."

"साडी फाटली होती?"

"असं म्हणतात."

"पदर चाकात गेला नव्हता, असं तुम्ही शपथेवर सांगाल?"

मी कोर्टात उभी होते आणि वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलीसारखी पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. शेवटी म्हटलं, "मला आठवत नाही."

"एवढंच विचारायचं होतं," ते म्हणाले आणि खाली बसले.

एसटीने घरी आले आणि खाटेवर पडले. गोधडी तोंडावर ओढून घेतली आणि हुंदके देऊन रडले. हे समजूत घालायला आले तर त्यांच्यावर ओरडले, "असेल! गेला असेल माझाच पदर! सगळं जग म्हणतंय तर खरं असेल. दावा काढून घ्या आणि सायकल विकून टाका!"

आत्याबाई आतून आल्या. त्यांच्या हातात कात्री होती. त्या माझ्या पायथ्याशी बसल्या, गोधडीचं टोक मांडीवर घेतलं आणि टाके कापायला लागल्या. आम्हाला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

"आई, काय करते?" हे म्हणाले.

त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रडू नको. तुना पदर कोठे बी गया नही. आठेच शे, तुना आंगवर."

लाल कापड आणि धोतर यांच्यामधून मोरपंखी रंग बाहेर आला. मागे पिवळा काठ. ती माझी साडी होती. इतके महिने मी तिच्याखाली झोपत होते.

आत्याबाई बोलायला लागल्या आणि थांबेचनात. गाठोडं मिळालं तेव्हा यांनीच त्यांना सांगितलं होतं, टाकून दे. शेजारणी म्हणाल्या, जाळून टाका. त्यांनी साडी नदीवर नेली, रक्ताचे डाग जातील तितके धुतले आणि घरी आणून गोधडीत घातली. "कशी फेकू? तुना भाऊनी लयेल साडी. आनि त्या साडीमा तू जित्ती राहिनी. मंग ती अपशकुनी कशी व्हई?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमी माले येडी म्हनशात, म्हनून सांगं नही."

यांनी पदराचं टोक उजेडाला धरलं. पदराची एक पट्टी नव्हती. फाटल्याची कड आडवी, सरळ. कुठे ओरबाडल्याची खूण नाही, तेलाचा काळा डाग नाही. यांना सायकलचं तेल चांगलं ठाऊक होतं, त्यांच्या पायजम्यावरचा एक डाग आजवर गेलेला नाही. मग, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच, ते आईसमोर माझ्या खाटेवर बसले. "चाकात नव्हता गेला, मंगल," ते म्हणाले. मी म्हटलं, "मग फाटला कशाने?"

गोधडी कोर्टात

चौधरी वकिलांनी एकच सांगितलं, आता एकही टाका उसवू नका, आहे तशी घेऊन या. पुढच्या तारखेला ड्रायव्हरची साक्ष होती. आम्ही तिघं एसटीने जळगावला गेलो. गोधडी आत्याबाईंनी मांडीवर घेतली होती. कंडक्टरने विचारलं, "आजी, मुक्काम आहे का?"

ड्रायव्हर पिंजऱ्यात आला आणि मी काठी घट्ट धरली. तोच मनुष्य. तोच खाकी सदरा. केळ्यांची फणी घेऊन आलेला.

त्याने लिहून दिलेलंच सांगितलं. पदर चाकात गेला, बाई पडली. माझ्याकडे बघितलं नाही. मग आमच्या वकिलांनी गोधडी टेबलावर ठेवली. विमा कंपनीचे वकील उठून म्हणाले, "साहेब, आता पुरावा म्हणून अंथरूण?" कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी विचारलं, ही कोणी शिवली?

"मी," आत्याबाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या. "बठ्ठा टाका मनाच हातना शेतस."

"मग तुम्हीच उसवा," न्यायाधीश म्हणाले.

भरल्या कोर्टात आत्याबाईंनी स्वतःचे टाके कापले. सवयीने तुटलेले दोरे गोळा करून कमरेला खोसत गेल्या. खालचा काठ निघाला, अखंड. निऱ्या निघाल्या, अखंड. मग पदर निघाला. चौधरी वकिलांनी तो उचलून ड्रायव्हरसमोर धरला. "ही साडी ओळखता?"

विमा कंपनीचे वकील म्हणाले, अशा साड्या बाजारात ढिगाने मिळतात. ते खरंही होतं. त्या माणसाने नाही म्हटलं असतं तर आम्ही गोधडी गुंडाळून घरी गेलो असतो आणि मी आयुष्यभर स्वतःच्या पदराकडे संशयाने बघत राहिले असते. तो त्या फाटक्या कडेकडे बघत होता. मालक मागच्या बाकावर खाकरले. ड्रायव्हरने हात पुढे केला आणि कडेवरून बोट फिरवलं.

"ही मीच फाडली, साहेब," तो म्हणाला.

"काय?"

"ताईंचा पाय लोंबत होता. गाडीत छत्री होती. छत्री पायाला लावली आणि बांधायला काही नव्हतं, म्हणून पदराची पट्टी फाडली. मी बांधला पाय." मग तो एकदम माझ्याकडे वळून बोलायला लागला, जणू कोर्टात दुसरं कुणी नव्हतंच. "ताई, तुम्ही कडेनेच चालल्या होत्या. पदर खोसलेला होता. मी बैलगाडीला ओलांडायला गेलो आणि समोरून ट्रक आला, म्हणून गाडी तुमच्या अंगावर घेतली. माझी चूक होती."

पदर खोसलेला होता. मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शेजारी हे लहान मुलासारखे रडत होते आणि आत्याबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्या माणसाचा राग यायला हवा होता मला. त्याने आधी पाय मोडला, मग खोटं लिहून दिलं. पण डॉक्टर म्हणाले होते की पाय नीट बांधून आणला होता म्हणून वाचला. माझा राग आणि माझी कृतज्ञता एकाच माणसावर होती आणि मला दोन्ही आवरता येत नव्हतं.

नंतर

निकालापर्यंत गोधडी कोर्टातच राहिली. प्रत्येक तारखेला आत्याबाई शिपायाला विचारायच्या, उंदीर तर लागले नाहीत ना? निकाल आमच्या बाजूने लागला. मिळालेल्या पैशातून दवाखान्याची देणी फिटली आणि पायाचं राहिलेलं ऑपरेशन झालं. पाय किंचित आखूड राहिला. बुटाला आतून जाडी लावली की कळतही नाही. ड्रायव्हरची नोकरी गेली, पण पुढे त्याला टेम्पो मिळाला. एकदा चोपड्याच्या बाजारात भेटला तेव्हा मी त्याला घरी चहाला आणलं. आत्याबाईंनी त्याला गोधडीवर बसवलं.

माझ्यासारखं पडलेल्यांना एवढंच सांगते. त्या दिवशीचे कपडे फेकू नका, कोण काहीही म्हणो. आणि तुम्हाला आठवत नाही म्हणून लोक सांगतील ते खरं मानू नका. आठवत नसणं हा काही गुन्हा नाही.

आणि सायकल. पायात बळ आल्यावर मी ती बाहेर काढली. यांनी मागच्या चाकाला नवी जाळी बसवली होती, तिला खडखड करू नये म्हणून चिंध्या गुंडाळल्या होत्या. गल्लीत माणसं दारात येऊन उभी राहिली. आत्याबाई दारात आल्या. मी पदर खोसून थांबले. रोजचं ते वाक्य आलं की निघायचं, असं मनात धरलं होतं.

त्यांनी माझ्या पदराकडे बघितलंसुद्धा नाही. रस्त्याकडे हात करून म्हणाल्या, "जाय वं मंगल. आनि त्या मोटारवाल्यासले सांग, नीट चालाडा म्हना."